टाळी न वाजवण्याची अट

आईनं तो झेंडा शिवला तेव्हा तो कशाचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात रंगाच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या नमुन्याशी आपल्या कापडाची छटा जुळते की नाही हे बघायचं, एवढंच काम. जुळली नाही की तागा बाद. बाद कापडाचे तुकडे कामगारांना घरी न्यायची मुभा असे, आणि बायका त्यांचे उशांचे अभ्रे, पायपुसणी शिवत. मी एकेक करून लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा असे तुकडे घरी आणले आणि आईच्या मशीनवर ठेवले. आई म्हणाली, "एवढे रंग कायले रे? कारखान्यात गॅदरिंग आहे का?" मी नुसतं "हं" म्हटलं. तिनं तुकडे मांडीवर घेतले, कडा जुळवल्या आणि प्रत्येक जोडावर दुहेरी शिलाई मारली. "मोठं कापड आहे, वाऱ्यानं उसवते नाही तं," म्हणाली.

आमचं घर म्हणजे कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. तो पट्टा चोवीस तास घरघरत असायचा, आणि आम्हाला त्याचा आवाज ऐकूच यायचा नाही. तो थांबला तरच ऐकू यायचा. दुपारी झोपलेले बाबा पट्टा थांबताच उठून बसत आणि म्हणत, "काय झालं?" राख सगळीकडे. दोरीवरची चादर घडी घालण्याआधी आई दोन्ही हातांनी झटकायची. पापड वाळत घातले तर वर जुनं लुगडं अंथरायची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि त्यांच्या काचा रोज पुसणं हे माझं लहानपणापासूनचं काम. रविवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी मटणाचा रस्सा आणि भात. नळीचं हाडूक बाबा स्वतः न घेता माझ्या ताटात टाकायचे. ते टाकताना बोलायचे नाहीत. बाबांचं प्रेम असंच, वाढप्यासारखं होतं. ताटात पडलं की कळायचं.

अनिरुद्ध मला कसा भेटला हे मी इथे लांबवणार नाही. एका मित्राच्या वाढदिवसाला भेटला, आणि त्यानंतर माझ्या कारखान्याच्या बसचा रस्ता बदलला. बुटीबोरीहून सरळ घरी न येता मी मधे उतरायचो आणि प्रताप नगरात त्याच्या घरी जायचो. तो एका आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायचा. वडील नव्हते. आई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी त्यांना काकू म्हणायचो. काकू मला मुलाचा दोस्त समजायच्या आणि मी गेलो की मुरमुऱ्याचा चिवडा, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड असा वाडगा समोर ठेवायच्या. त्या घरात राख नव्हती. पहिले काही महिने मला तेच सगळ्यात नवल वाटायचं, की खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं तरी ते पांढरंच राहतं.

नागपुरात प्राइड मार्च निघतो हे मला अनिरुद्धनंच सांगितलं. आम्ही आपसात त्याला मोर्चाच म्हणायचो. आज जे लोक तो बघतात त्यांना वाटेल की तो पहिल्यापासून असाच मोठा, गाजावाजा करत निघत असेल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही एवढे थोडे होतो की रस्त्यावरच्या पोलिसांची आणि आमची संख्या जवळपास सारखी वाटत होती. निम्म्यांच्या तोंडाला रुमाल होते. माझ्याही. आणि सगळ्यात पुढे, तोंड उघडं टाकून, जांभळी साडी नेसलेली मैना अम्मा होती.

अम्मा किन्नरांच्या एका घराची गुरू. वयानं तेव्हाच साठीला टेकलेली, गुडघे दुखणारी, आवाज घोगरा. तिच्या चेल्या तिच्या मागे. आम्ही शिकलेसवरलेले, नोकऱ्या करणारे, त्यांच्या मागे अंग चोरून. एका चौकात चार पोरं मोटारसायकली आडव्या घालून उभी होती. अम्मा त्यांच्यासमोर गेली आणि तिनं टाळी वाजवली. एकच. दोन्ही तळहात आडवे, बोटं ताणलेली. तो आवाज भिंतींवर आपटून परत आला. पोरांनी मोटारसायकली बाजूला घेतल्या. मी तेव्हापर्यंत त्या टाळीला भीत आलो होतो. बसमध्ये, रेल्वे फाटकाशी ती ऐकली की मान फिरवत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या आवाजाच्या मागे उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. माझ्या तोंडाला रुमाल होता, पण झेंड्याला नव्हता. आईनं पेपर टेबलावर पसरला आणि जोडावरच्या दुहेरी शिलाईवर बोट ठेवलं. फोटोत शिलाई दिसणं शक्यच नव्हतं, पण तिला दिसली. मग तिनं रुमालामागचे डोळे बघितले. म्हणाली, "हे गॅदरिंग होतं का?" बाबा पहिल्या पाळीवरून आले. आईनं त्यांना पेपर दाखवला नाही, पण तो लपवलाही नाही. त्यांनी वाचला. चष्मा काढला. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, "आपल्या बापजाद्याले लोकांनी माणसात धरलं नव्हतं. तुह्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आपण मान वर करून चालून राहिलो. आणि तू रुमाल बांधून चालून राहिला? तोंड लपवाचं काम कराचंच काहून?"

मी म्हटलं, "बाबा, लपवाचं काम नाही ते."

"मंग रुमाल काहून होता?"

मी उठून फोटोंच्या काचा पुसायला घेतल्या. त्या रविवारी नळी पातेल्यातच राहिली. नंतर कित्येक महिने बाबा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत. मोटार चालू कर, सिलेंडर आण. आई मधे उभी राहून दोघांना वाढायची आणि आपण नंतर एकटी जेवायची. पुढच्या वर्षी मी रुमाल बांधला नाही. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी पेपर टाकणारा यायच्या आधीच बाबा फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि पेपर घेऊन कामावर निघून गेले. त्यांनी त्यात मला बघितलं की नाही, मला कधी कळलं नाही.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. मोर्चा वाढला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा बदलला तेव्हा तर एवढी गर्दी झाली की आपण याच शहरात राहतो का असं वाटलं. कॉलेजची पोरं-पोरी आली, कुणी गालावर रंग लावून, कुणी कुत्र्याला घेऊन. मला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदात कुठेतरी खडा लागायचा. नव्या पोरांना अम्मा कोण हे ठाऊक नव्हतं. ती पोरं तिच्यासोबत फोटो काढायची आणि पुढे जायची. अनिरुद्ध आता आयोजन समितीचा प्रमुख होता. तो चांगला आयोजक होता, हे मला आजही मान्य आहे. पाणी, रुग्णवाहिका, पोलिसांची परवानगी, यातलं काही त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. आणि त्याच वर्षांत त्यानं काकूंना आमच्या दोघांबद्दल सांगितलं. काकूंना ते पचवायला फार वेळ लागला. मला त्या चिवडा देत राहिल्या, पण वाडगा ठेवून लगेच आत जायच्या. मग एका संध्याकाळी अनिरुद्ध मला म्हणाला, "आई यायला तयार झाली. म्हणाली, सभ्यपणे चालणार असेल तर मी येईन."

त्या वर्षीची बैठक प्रताप नगरात त्याच्याच घरी, वरच्या मजल्यावर झाली. ठरवायचं होतं ते असं की मोर्चा दरवर्षीसारखा संविधान चौकात संपवायचा नाही, तर एका लॉनवर न्यायचा. तिथे मंच, गाणी, खाण्याचे ठेले, पाहुण्यांची भाषणं. लॉनवर गर्दी आवरायला मनगटावर कागदी पट्ट्या. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. मग एका इंजिनिअरिंगच्या पोरीनं विषय काढला. ती रागावलेली नव्हती, उलट तिचा आवाज कापत होता. म्हणाली, "माझे आईबाबा बातमीत दरवेळी तेच बघतात. टाळ्या, नाच, दुकानदारांसमोर हात पसरणं. मी त्यांना म्हणते मी तशी नाही, तर ते म्हणतात, मग त्यांच्यात काय करते?"

खोलीत बरेच जण मान डोलावत होते. मग एकेक अट पुढे आली. किन्नर मंडळींनी यावं, पण मागच्या बाजूला चालावं. दुकानांसमोर थांबू नये. टाळी वाजवू नये.

मी म्हटलं, "आपण अम्माबद्दल बोलून राहिलो. अम्मा कुठे आहे? तिला कुणी बोलावलं?"

कुणीच बोलावलं नव्हतं. हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूनं फार थोडे हात आले. सगळे खाली गेल्यावर मी आणि अनिरुद्ध दोघंच राहिलो. खुर्च्या एकावर एक ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुला वाटतं मला अम्माची लाज वाटते?"

"मग काय वाटते?"

"मी आईला आणून राहिलो, सुमेध. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिला घाबरवून परत नाही पाठवायचं मला. एकदा तिला माझ्यासोबत रस्त्यावरून चालू दे, मग पुढच्या वर्षी तूच ठरव सगळं."

त्याचा चेहरा असा होता की मी भांडू शकलो नाही. फक्त एवढं म्हटलं की हे अम्माला मी सांगणार नाही, तू सांग. तो म्हणाला सांगतो, पण तू सोबत चल.

अम्माचं घर इतवारीमागच्या एका गल्लीत. आम्ही दुपारी गेलो तेव्हा ती चुलीपाशी पाटावर बसून पोह्यांवर घालायची चण्याची तर्री ढवळत होती, आणि दोन चेल्या कांदा चिरत होत्या. आधी खायला घातलं. तर्री एवढी झणझणीत की अनिरुद्धच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि चेल्या हसायला लागल्या. त्यानं डोळे पुसत पुसतच सांगितलं. बरं झालं, मला वाटलं, निदान डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त आहे.

अम्मानं सगळं ऐकून घेतलं. "टाळी नाई वाजवाची?"

"फक्त त्या दिवशी, अम्मा."

"आणि मागं चालाचं." तिनं पळी बाजूला ठेवली. "पहिल्या साली पुढं कोण होतं, बेटा?"

"तुम्ही."

"काहून?"

अनिरुद्ध खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "आम्ही भ्यालो होतो."

"आता तुमचं भेव गेलं, तं मी मागं." ती हसली, पण चेल्या हसल्या नाहीत. त्यातली एक सुरी आपटून म्हणाली, "अम्मा, नाई जायचं आपण. बिलकुल नाई." अम्मानं तिला हातानं गप्प केलं आणि अनिरुद्धला विचारलं, "हे सारं कोणासाठी करून राहिला तू? खरं सांग."

त्यानं सांगितलं. माझी आई पहिल्यांदा येणार आहे.

अम्मानं पळी परत उचलली आणि तर्री ढवळायला घेतली. तिची आई तिला कधी भेटायला आली होती की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. म्हणाली, "ठीक आहे. मायसाठी म्हणत असशील तं मीही मायसाठीच येते. नाई वाजवत टाळी."

मोर्चाच्या दिवशी छान थंडी होती, ऊन अंगाला बरं वाटणारं. गर्दी आतापर्यंतची सगळ्यात मोठी. पुढे ढोल, ट्रकवर गाणी, आणि ट्रकच्या मागेच अनिरुद्ध आणि काकू. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्या मुलाचा दंड घट्ट धरून चालत होत्या. मी थोडा वेळ त्यांच्याजवळ चाललो. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, एवढी मुलं आहेत!" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं. तो क्षण मी विसरलो नाही, आणि अनिरुद्धवरचा माझा राग कधी पुरता पक्का झाला नाही तो त्यामुळेच. मग मी बाजूला थांबलो, सगळी गर्दी पुढे जाऊ दिली आणि मागे अम्माकडे गेलो.

अम्मानं फिकट मोतिया साडी नेसली होती, दागिना एकही नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून घट्ट धरले होते. चेल्यांनी एकमेकींचे हात धरले होते. सुरी आपटणारी चेली मला म्हणाली, "हात मोकळे राहिले तं टाळी निघून जाते. आदत आहे ना." रस्त्यावरच्या एका दुकानदारानं ओळखीनं हाक मारली, "काय अम्मा, आज टाळी नाही?" अम्मा फक्त हसली. पुढची गाणी आमच्यापर्यंत येता येता विरून जात होती. मग दोन मोटारसायकली आमच्या बाजूनं हळूहळू चालायला लागल्या. त्यावरची पोरं घाण बोलत होती. एकानं वाकून अम्माचा पदर ओढला. ती कोलमडली, मी तिला धरलं. तिचे हात पाठीमागून सुटून पुढे आले, तळवे उघडले, आणि मी वाट बघितली. चेल्यांनीही बघितली असणार. अम्मानं हात परत मागे नेले आणि एकमेकांत अडकवले. पोरं हसत निघून गेली. पुढच्या कुणाला यातलं काही कळलं नाही.

आम्ही लॉनच्या गेटाशी पोचलो तेव्हा बाकी सगळे आत गेले होते. आत माइकवर कुणीतरी बोलत होतं. गेटावर दोन गार्ड होते. मनगटाच्या पट्ट्या मोर्चाच्या सुरुवातीला पुढच्या बाजूला वाटल्या होत्या, त्या मागे आल्याच नाहीत. माझ्या हातावर होती, आयोजकांपैकी होतो म्हणून. गार्ड म्हणाला, "पट्टी नाही तर एंट्री नाही. आणि किन्नर तर बिलकुलच नाही, मालकानं पहिलेच सांगून ठेवलं आहे. लग्नात मागायला येतात ना."

मी म्हटलं, "हे लग्न नाही. हा कार्यक्रमच यांचा आहे."

"असंन. पण मले जे सांगितलं ते मी सांगून राहिलो."

मी अनिरुद्धला फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, पण गाण्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर चालू केला. तो घाईघाईत म्हणाला, "पाहुण्यांचं भाषण सुरू आहे रे. पाच मिनिटं थांबव त्यांना. प्लीज, गेटवर तमाशा नको."

सगळ्यांनी ऐकलं. मी फोन बंद केला. गेटाच्या लोखंडी कांबीला टेकून तिनं एक गुडघा दाबला, मग दुसरा. चेल्यांचे चेहरे बघून मला वाटलं आता काहीही होईल. तेवढ्यात आतून काकू आल्या. आवाजानं डोकं दुखायला लागलं म्हणून बाहेर मोकळ्या हवेत यायला निघाल्या होत्या. त्यांनी अम्माकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "या आत का नाही येत?" मी सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं रे. थांब, थांबा तुम्ही, मी त्याला घेऊन येते." त्या वळल्या.

अम्मा मागून म्हणाली, "ताई." काकू थांबल्या. अम्मानं हात जोडले. "पोराले घरी बोलू नका काही. आजचा दिवस तुमच्यासाठी होता. तुम्ही आल्या ना, बस." आणि चेल्यांना म्हणाली, "चला वं."

काकू अनिरुद्धला घेऊन गेटापर्यंत आल्या तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. मी पट्टी कधी तोडली आठवत नाही, पण गार्डच्या पायाशी टाकली हे आठवतं. आत ज्यांना कळलं त्यांच्यातले काही जण धावत आमच्या मागे आले. ती इंजिनिअरिंगची पोरगीही आली, रडत. बाकीचे आत राहिले. त्यांनी राहू नये असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, त्यातले निम्मे पहिल्यांदाच घरातून बाहेर पडले असतील, त्यांना कुठे माहीत गेटावर काय झालं.

आम्ही संविधान चौकापर्यंत चालत गेलो. दिवे लागले होते. माइक नव्हता, मंच नव्हता. अम्मा फुटपाथच्या कडेला बसली. कुणीतरी म्हणालं, "अम्मा, आता वाजवा टाळी. आता कोण अडवते?" तिनं दोन्ही हात मांडीवर पसरले. बोटं सुजल्यासारखी दिसत होती. म्हणाली, "हात दुखून राहिले, बेटा. सारा रस्ता धरून ठेवले ना."

अनिरुद्ध मला नंतर भेटला. म्हणाला, गार्डला अडवायला मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाला, आई आत होती, मी तिला एकटं सोडून कसा येणार होतो. मी म्हटलं, तेही माहीत आहे. मग तो म्हणाला, "मग तुझं म्हणणं काय आहे?" आणि मला ते नीट सांगता आलं नाही. तो अम्माकडे जाऊन पाया पडून आला. तिनं त्याला पोहे खाऊ घातले आणि विषय काढला नाही. आमच्या दोघांमधलं मात्र काही केल्या सांधलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. आम्ही भेटायचो, चहा प्यायचो, आणि लवकर उठायचो. पुढच्या वर्षी नागपुरात दोन मोर्चे निघाले. त्यावरून समितीत, फोनवरच्या गटांत लोक एकमेकांना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. आता अम्मा नाही. माझ्या कानांजवळचे केस पिकले आहेत. नवीन पोरं मला विचारतात, सर, आपले दोन मोर्चे का आहेत, आणि एका दमात सांगता येईल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कधी दोन्ही गटांना एकत्र आणायची बैठक होते. कोण पुढे चालणार यावरच ती अडते.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. मी बसनं कोराडीला आलो. घरात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या आणि आई-बाबा बाहेरच्या ओट्यावर परात मधे ठेवून शेंगा खात बसले होते. मी हातपाय धुऊन आत जाणार, तर बाबा म्हणाले, "आज तुमचा मोर्चा होता ना?"

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी "हो" म्हटलं.

"मंग तोंड काहून एवढं पडलं?"

मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो आणि मग खाली बसलो. अम्मा, अट, मोटारसायकलवरची पोरं, गेट. आई शेंगा सोलायची थांबली. बाबा सोलत राहिले, पण दाणे तोंडात न टाकता परातीच्या कडेला ठेवत गेले.

"गेटवर?" ते म्हणाले. "तुमच्याच कार्यक्रमाच्या?"

"हो."

"त्या बाईले आतमंदी घेतलंच नाही?"

"नाही."

त्यांनी 'बाई' म्हटलं होतं. आईनंही ते ऐकलं, तिनं एकदम त्यांच्याकडे बघितलं.

"तुह्याकडं तं पट्टी होती म्हणतो. तू आत होता का बाहेर?"

"बाहेर. त्यांच्यासोबत निघून आलो."

पलीकडे पट्टा घरघरत होता. बाबांनी पुढची शेंग उचलली. मला वाटलं विषय संपला, आणि मी उठायला लागलो.

"किती लोक होते बाहेर?"

"पंचवीस-तीस असतील."

"मंग बरं," ते म्हणाले. जरा थांबून विचारलं, "म्हातारी आहे म्हणतो ना ती? घरी कशी गेली?"

"पायीच. ऑटोवाले थांबले नाहीत."

बाबांनी परात आईकडे सरकवली, लुंगी झटकून उठले. दाराशी जाऊन थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगजो. कॉलनीतल्या गाडीवाल्याले पाठवीन मी. म्हाताऱ्या माणसाले एवढं चालवाचं नाही." मग आत पाऊल टाकता टाकता, "मले नोको बोलावू. पण गाडी पाठवीन."